बी पडल्याशिवाय विळा नाही

चालता चालता ते मध्येच वाकायचे, गवताचं एक कणीस ओरबाडायचे, तळहातावर चोळून हलकी फुंकर मारायचे आणि तो हात समोर जो कोणी असेल त्याच्या नाकाखाली धरायचे. "काय दिसतंय?" समोर सातवीतली पोर असो, शाळा तपासायला आलेले साहेब असोत, नाहीतर मी असो. काही दिसलं नाही तर म्हणायचे, "मंग बी धरलं न्हाय अजून." दिसलं तर म्हणायचे, "धरलंय, पन पडलं न्हाय. बी पडल्याबिगर इळा न्हाय." म्हणजे काहीही म्हणा, चूक तुमचीच.

तुम्हाला वाटेल, शेतकीचे वगैरे मास्तर असतील. छे हो! आमच्या शाळेतले पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि काळी केलेली मिशी. घाम आला की त्या मिशीचा रंग ओठावर उतरायचा. तो उतरलाय हे त्यांना सांगायची हिंमत अख्ख्या शिक्षकखोलीत फक्त माझ्यात होती, आणि मी ते दर उन्हाळ्यात सांगायचे. ते रुमालाने ओठ पुसत म्हणायचे, "बाई, तुम्ही नारायण पेठेतल्या. तुमच्याकडनं आनखी काय येनार?"

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ती कौतुक करायला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला त्यांचा राग आहे. इतरांचाही आहे, आणि तो कुणाचा ते येईलच पुढे, पण त्यांचा जास्त आहे. तुम्हाला वाचता वाचता तो आला नाही, तर तुम्ही माझ्यापेक्षा शांत डोक्याचे आहात एवढंच.

आमची शाळा खडकवासल्याच्या रस्त्याला, महापालिकेत आलेल्या एका गावात. मी गणित शिकवते. रोज पेठेतून बसने जाते, बसनेच येते. शाळेच्या मागे एक उताराचा माळ होता. पूर्वी ते गावाचं गायरान, सगळ्यांच्या गुरांचं कुरण. गावातल्या जमिनी गेल्या, गुरं गेली, आजूबाजूला बाराबारा मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि शाळेच्या कुंपणात अडकला म्हणून तेवढा तुकडा राहिला. सर त्याच गावचे. त्यांच्या भावांनी जमिनी विकून मोठाल्या गाड्या घेतल्या. हे आपले शाळेत शिट्टी वाजवत राहिले. का, ते मी एकदा विचारलं होतं. "गाडीत मला वकारी येती," म्हणाले.

उन्हाळ्यात तो माळ बघितलात तर तुम्ही म्हणाल, ओसाड पडलंय, काहीतरी बांधा इथे. मीही म्हणाले असते. पण श्रावण संपत आला की नुसता बघत राहावा असा व्हायचा. तेरड्याने सगळा उतार गुलाबी, मध्ये मध्ये निळी नभाळी, कुर्डूचे पांढरे तुरे, आणि पिवळा कवला. कवल्याच्या फुलाला पोरं मिकी माउस म्हणायची, कारण त्याला तसे दोन कान असतात. गौरीच्या वेळी गावातल्या बायका तेरडा न्यायला यायच्या. सर फाटकाशी उभे राहून प्रत्येकीला मुळासकट एक जुडी काढून द्यायचे आणि दुसरी मागितली की म्हणायचे, "गौर एकच येती ना घरी?"

हा माळ आपोआप तसा राहत नव्हता. तो दरवर्षी कापावा लागायचा, आणि कापायची आमची पोरं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की येणारा पहिला शनिवार कापणीचा. त्याआधी माळाला कुणी विळा लावायचा नाही. गावात कुरण होतं तेव्हाही असंच होतं म्हणे, बी पडल्याचं चार जाणती माणसं बघून यायची आणि मगच गवत खुलं व्हायचं. इथे ती चारही जाणती माणसं म्हणजे सर एकटेच होते.

आठवी-नववीची पोरं एका ओळीत विळे घेऊन वर सरकायची. त्यांच्या मागे सहावी-सातवीची पोरं कापलेलं गवत पसरायची. पाचवीतली चिल्लीपिल्ली ते गवत काठीने बडवायची, म्हणजे कणसात अडकलेलं उरलंसुरलं बी खाली पडतं. ते काम पाचवीला फारच आवडायचं. मग दोनतीन दिवस गवत उलथंपालथं करत वाळवायचं, झाडायचं आणि शेवटी सगळंच्या सगळं उचलून बाहेर काढायचं. गावातला एक गोठेवाला टेम्पो घेऊन यायचा. काडीसुद्धा मागे ठेवायची नाही.

हे शेवटचं मला काही केल्या पटत नसे. "अहो, कुजू द्या की तिथेच," मी म्हणायचे, "आयतं खत."

"तेच तर न्हाय पायजे," सर म्हणायचे. "माळाला जेवू घालायचं न्हाय, बाई. उपाशी ठिवायचा. पोट भरलं की त्याला दांडगं गवत येतं, गाजरगवत येतं, आनि ते ह्या नाजूक पोरींना उभं ऱ्हाऊ देत न्हाय." पोरी म्हणजे फुलं. हे त्यांना जन्मतः माहीत होतं असं मात्र समजू नका. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःच सगळं कापलेलं गवत माळावर कुजायला टाकलं होतं आणि पुढच्या पावसात छातीएवढं तण माजलं होतं. ही गोष्ट ते दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे, आणि दरवर्षी ते तण वीतभर वाढायचं.

माणूस गोड होता असं माझ्या तोंडून वदवू नका. अतोनात हट्टी, ओरडायची सवय, आणि आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं ही खात्री. क्रिकेटपासून कानदुखीपर्यंत. एकदा माझा आठवीचा तास चालू असताना दारात येऊन उभे. "पोरं घेऊन जातो, बाई. गवत परतायचंय."

"माझं बीजगणित चाललंय."

"बीजगनित उद्याबी असंल. हे गवत आजच्या दवात भिजंल." आणि शिट्टी फुंकली की! पोरं माझ्याकडे न बघता खाली. हातात खडू घेऊन मी रिकाम्या बाकांसमोर उभी. अंगाचा तिळपापड झाला माझा. मी पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आठव्या दिवशी मीच जाऊन सांगितलं की मी तुमच्याशी बोलत नाहीये, तेव्हा म्हणाले, "व्हय का? मला वाटलं तुमचा घसा बसलाय."

पालकसभेतही एकदा मजा झाली. सोसायटीतले एक तरुण वडील उठले. "सर, मुलांच्या हातात विळे देता, सेफ्टीचं काय? म्हणजे, रिस्क केवढी आहे!"

सरांनी त्यांना विचारलं, "तुमच्या पोराला सफरचंद कापता येतं?"

"नाही, म्हणजे, अजून कधी दिलं नाही आम्ही."

"मंग त्याला इळा मिळनारच न्हाय. तो गवत उचलंल." त्या मुलाने घरी जाऊन आईला सफरचंदं कापून कापून जेरीस आणलं, कारण पुढच्या वर्षी त्याला विळ्याच्या ओळीत उभं राहायचं होतं. आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराचं बोट कापलं नाही. डाव्या हाताची मूठ कशी धरायची हे ते आधी महिनाभर नुसत्या काठीवर शिकवायचे.

त्या ओळीचं पहिलं टोक ज्याला मिळेल त्याच्या मागोमाग सगळी ओळ चालायची. सातवीतच विळा मिळालेली एकटी वैष्णवी, आणि माझ्या आठवीत आली तेव्हा ते टोक तिच्याकडे होतं. गावातलीच पोरगी, गणितात ढ, पण विळा असा चालवायची की बघत राहावं. सर तिचं कधी कौतुक करायचे नाहीत. फक्त तिला "पाटलीणबाई" म्हणायचे आणि ती लाल व्हायची.

आता मुद्द्याला येते. कुठल्याशा कंपनीने हरित शाळांची स्पर्धा काढली. आमच्या संस्थेच्या सचिवांनी अर्ज भरला. त्यात फोटो कुणाचे? माळाचे. तेरडा, कवला, गवत बडवणारी पाचवी. 'आमच्या शाळेचे रानफुलांचे कुरण' असं वर छापलेलं. परीक्षक बघायला येणार होते पितृपक्षात, म्हणजे माळ ऐन फुलात असताना. सगळं छान जुळलं होतं. नुसतं हात बांधून उभं राहायचं होतं.

पण तेवढंच आमच्या लोकांना जमत नाही. परीक्षक येणार त्याच्या दोन दिवस आधी सचिव शाळेत आले. अतिशय मृदू बोलणारा माणूस. सगळ्यांना, शिपायालासुद्धा, 'आपण' म्हणतात. माझ्या अनुभवात असली माणसं ओरडणाऱ्यांपेक्षा वाईट. ते गॅलरीतून माळाकडे बघत मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बाई, आपण पाहुण्यांना हे असलं रान दाखवणार आहोत का? कमरेएवढं गवत! साप निघाला तर? जरा नीटनेटकं करून घेऊ या." मुख्याध्यापिका आमच्या गरीब, हो म्हणाल्या.

सर त्या दिवशी नव्हते. निवडणुकीच्या कामाचं बाहेरगावी चार दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिकडे सरकारी हुकमाने गेले होते. तिथे फोनही बंद करून ठेवायला लावतात. हे सचिवांना माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पुढचं मला मागून पोरांकडून कळलं. सचिवांनी आठवी-नववीला खाली बोलावलं, विळे काढायला लावले आणि कापा म्हणाले. पोरं नुसती उभी. पोरांना कळत होतं ना, हे भलत्या वेळी चाललंय म्हणून. वैष्णवीने विचारलं, "सर कुठायत?" तर हा सभ्य गृहस्थ तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सरांनीच सांगितलंय, बाळा."

सरांनीच सांगितलंय! मग काय विचारता. त्या पोरांना सरांनी वर्षानुवर्षं तयार केलं होतं. अर्ध्या तासात त्यांनी तो गुलाबी उतार खालपासून वरपर्यंत साफ केला. मी वरच्या मजल्यावर दहावीची चाचणी घेत होते. कसली तरी कुजबुज ऐकली, खिडकीशी आले, आणि तशीच जिन्यावरून धावत सुटले. खाली पोचेपर्यंत वैष्णवी उताराच्या वरच्या टोकाशी गेली होती.

"अहो, काय करताय काय तुम्ही? बी पडायचंय अजून!" मी सचिवांवर ओरडले.

"बी?" ते हसून म्हणाले. "बाई, आपण इथे शेती करतो का?"

मी सरांना फोन लावत राहिले, तो बंदच. तोवर एक टेम्पो आला आणि सगळं हिरवं गवत, फुलं, कोवळी बोंडं भरून घेऊन गेला. आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. दुसऱ्या दिवशी एका विश्वस्तांनी आपल्या फार्महाऊसवरून लाल माती आणि शेणखत पाठवलं. प्रेमाने हो, अगदी प्रेमाने! उघडा माळ बरा दिसेना ना. माळभर वीतभर थर पसरला. ज्या जमिनीला सरांनी इतकी वर्षं निगुतीने उपाशी ठेवलं, तिला या लोकांनी एका दुपारी पंगतीला बसवलं.

परीक्षक आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी अर्जातला फोटो हातात धरून चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "ते कुरण कुठे आहे?" सचिव म्हणाले, "हेच." आम्हाला स्वच्छतेचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते अजून कार्यालयात लावलेलं आहे. मी त्या भिंतीकडे बघत नाही.

सर परतले तो दिवस मला पक्का आठवतो. मी फाटकातच त्यांना गाठून सगळं सांगितलं, आणि खरं सांगते, आता यांचं आणि सचिवांचं काय जुंपतंय ते बघायला मी आतुर झाले होते. ते तडक मागे गेले. माळाच्या कडेला आठवी-नववी येऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. खताचा वास सुटला होता. सरांनी मातीत बूट घालून बघितला, बूट रुतला.

वैष्णवी पुढे आली. "सर, तुम्हीच... तुम्ही सांगितलं होतं ना कापायला?"

सर तिच्याकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, सांगा. सांगा हो, नाही म्हणून सांगा!

"व्हय," सर म्हणाले. "मीच सांगितलं हुतं. चला वर्गात. तास बुडतोय."

वर्गात चला! तास बुडतोय म्हणे! त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना शिक्षकखोलीत कोंडीत पकडलं. "तुम्ही खोटं का बोललात?"

"मंग काय सांगू?" ते माझ्यावर उसळले. "इळा कुनाच्या हातात हुता? पोरांच्या. सचिवाच्या हातात नव्हता. मी न्हाय म्हनलं तर ते पाप पोरांच्या गळ्यात पडतंय. ती पोरगी पुन्यांदा इळा धरंल का हातात?"

"आणि सचिव मोकळा सुटला त्याचं काय?"

"सुटू दे. एक पावसाळा जाईल, बाई. जमिनीत जुनं बी असतंय. येतंय मागनं."

नाही आलं. त्या शेणखतावर गाजरगवत असं माजलं की शाळेच्या भिंतीवरून डोकावायला लागलं. मध्ये टाकळा, खाली दांडगं गवत. तेरडा तेवढा कुंपणाच्या दगडांत, माती पोचली नव्हती तिथे, चार काड्या. कवला तर दिसलाच नाही. सर रोज शाळा सुटल्यावर फावडं घेऊन तो वरचा थर खरवडत बसायचे. पोरंही असायची. टोपल्या भरभरून माती बाहेर काढायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "हे तुम्हाला जन्मात पुरायचं नाही." म्हणाले, "दोन पावसाळे द्या." पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागत होते, जसं काही ते माझ्या हातात होतं.

आणि दिवाळीनंतर ते टर्फचं प्रकरण निघालं. माळावर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरायची, भोवती जाळी लावायची आणि संध्याकाळी बाहेरच्यांना क्रिकेट खेळायला द्यायची. ठरवायला शाळा समितीची बैठक बोलावली. पालक प्रतिनिधींपैकी निम्मे आमच्या बाजूने होते. त्यांना इतकंच हवं होतं की माळ कशामुळे बिघडला ते कुणीतरी स्पष्ट सांगावं. सचिवांनी परस्पर, अवेळी कापायला लावून वर खत टाकलं, म्हणून बिघडला. बस्स. म्हणजे मग सुधारायला दोन वर्षं द्या असं म्हणता येत होतं. मी आदल्या दिवशी सरांना बजावून बजावून सांगितलं. "एवढं एक वाक्य बोला. पोरांचं नावही काढू नका." ते हो म्हणाले. खरंच हो म्हणाले होते.

बैठकीत सचिव आपल्या त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "सरांच्या प्रयोगाबद्दल आम्हा सर्वांना आदरच आहे. पण प्रयोग फसला. मागच्या वर्षीची कापणीदेखील सरांच्याच सूचनेवरून झाली होती. बरोबर ना, सर?"

सरांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांची नजर टेबलाच्या टोकाला गेली. तिथे विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नववीची वैष्णवी बसली होती. नवा गणवेश, दोन वेण्या, हात मांडीवर. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"व्हय," ते म्हणाले. "मीच सांगितलं हुतं."

मी उठले. "साफ खोटं आहे हे! त्या दिवशी हे शाळेत नव्हतेच. मी होते. मी पाहिलंय कुणी कापायला लावलं ते!"

सचिव दिलगीर चेहरा करून म्हणाले, "बाई, सर स्वतः सांगतायत. आपण त्यांना खोटं पाडणार का?"

आणि सर मला म्हणाले, "बाई, बसा खाली."

मला! सगळ्यांसमोर! गेली इतकी वर्षं मी कुणाचं ऐकून खाली बसलेली नाही. त्या दिवशी बसले. हात वर झाले, टर्फ मंजूर झालं. पालक जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की बाईंचं डोकं फिरलंय. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, "तुमच्या तोंडच्या एका शब्दावर माळ होता. तुम्ही तो घालवलात." ते टोपी काढून आत बघत होते, जसं काही त्यात काही ठेवलं होतं.

त्याच एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आले नाहीत. टर्फचं काम तेव्हा चालू होतं, म्हणजे त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्च्यांमागे रोलर फिरत होता. नारळ आणि शाल शिपायाने घरी नेऊन दिली.

यंदा वैष्णवी दहावी झाली. गणितात पास झाली, हे मी माझंच यश मानते. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा माझ्या टेबलाशी घुटमळत राहिली. मी म्हटलं, "बोल काय ते. माझी बस जाईल."

"बाई, सर खोटं बोलले होते ना?"

मी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? कवला फुलात असताना सर कापायला सांगतील होय? सगळ्यांनाच माहीत होतं तेव्हा. कापताना पण कळत होतं. वाळलेलं गवत कापलं की कसा करकर आवाज येतो. त्या दिवशी आवाजच येत नव्हता, बाई. नुसता हात ओला होत होता." तिने तळहात ओढणीला पुसला. "मी थांबायला पाहिजे होतं. मी टोकाला होते. मी थांबले असते तर सगळे थांबले असते."

म्हणजे जे ओझं तिच्यावर पडू नये म्हणून त्या माणसाने माळ दिला, ते या पोरीच्या छातीवर तसंच्या तसं होतं. पहिल्या दिवसापासून.

मला इतका संताप आला की मी तिलाच ओरडले. "मग त्या बैठकीत तुझी दातखिळी का बसली होती? तिथे बोलायचं होतंस! तू बोलली असतीस तर माळ राहिला असता!"

"सर माझ्याकडे बघत होते," ती रडत म्हणाली. "मी बोलले असते तर सर सगळ्यांसमोर खोटे पडले असते. मला ते नको होतं."

मी तिला पाणी दिलं. आणखी काय देणार? तो तिच्यासाठी गप्प, ती त्याच्यासाठी गप्प, आणि मधल्या मध्ये सचिवांना टर्फ मिळालं. कुणाकुणावर रागवायचं हे मला त्या दिवशी समजेना, म्हणून मी घरी जाऊन भांडी घासली.

मागच्या आठवड्यात सर मला बुधवार पेठेत दिसले. पुस्तकांच्या दुकानाबाहेर, बरोबर नात, तिच्या दप्तराचं ओझं यांच्या खांद्याला. मिशी आता पांढरी ठेवली आहे. बरी दिसते. मी तसं सांगितलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शाळेचं त्यांनी काही विचारलं नाही, टर्फचंही नाही. नात हात ओढायला लागली. निघता निघता थांबले.

"बाई, ती पाटलीण... दहावी झाली आसंल ना आता?"

"झाली. पास झाली."

"तिच्या मनात काय न्हाय ना? त्या कापनीचं?"

रस्त्यावर ही गर्दी. कुणीतरी मला धक्का देऊन गेलं, आणि मी त्यालाही काही बोलले नाही.

"कशाचं मनात?" मी म्हटलं. "ती केव्हाच विसरली. तुम्हीच सांगितलं होतं असंच समजून आहे ती."

सरांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाले. "मंग काय न्हाय. माळ गेला तर गेला." आणि नातीचा हात धरून रस्ता ओलांडून गेले. चालणं पूर्वीसारखंच, छाती पुढे काढून.

मी स्टॉपवर येऊन उभी राहिले आणि बस येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. बस आली तेव्हा तिच्यावरचा नंबर मला नीट दिसेना, शेजारच्या मुलाला विचारावा लागला.